तुझ्या नाकाबद्दल

४ ऑक्टोबर, शनिवार

प्रिय आचारी,

उशीर झाला, माफ कर. तू भाचीकडे जाऊन पावणेतीन महिने झाले आणि हे माझं पहिलं पत्र. याआधी चार वेळा लिहायला बसलो होतो. एकदा पेन अडलं, एकदा ड्रायव्हरने माझ्या कागदावर ओली अंडी ठेवली, आणि दोनदा काहीही झालं नाही, मीच उठलो. कारखान्याच्या फाटकावर तीस वर्षं ट्रक तोलले, आकडा लिहिताना कधी हात अडखळला नाही. पण माणसाला लिहायचं म्हटलं की चौथीत सुटलेली शाळा आठवते.

इकडे सगळं ठीक आहे. तुझी भाची आणि तिची पोरं मजेत असतील. शिंप्याच्या हातांवर नवी कातडी आली आहे. डॉक्टर म्हणतात धीर धरा, आणि तो धरतो आहे. स्वयंपाक ड्रायव्हरकडे आहे. स्वयंपाक म्हणजे अंडी. सोमवारी उकडलेली, मंगळवारी उकडलेली, बुधवारी टोपात टाकताना फुटली म्हणून ऑम्लेट. परवा शिंपी म्हणाला, "अरे, कारखान्याची बस चालवायचास तेव्हा निदान थांबे तरी वेगवेगळे असायचे." ड्रायव्हर म्हणाला, "मग उतर इथेच." हसलो आम्ही. पूर्वीसारखं नाही, पण हसलो.

केर माझ्याकडे होताच. सोमवारी चादरी धुवायची तुझी पाळी मी घेतली. इस्त्री शिंप्याची होती, ती आता कोणाचीच नाही, त्यामुळे आम्ही तिघं चुरगळलेले फिरतो. सकाळी संडासात पहिला नंबर तुझा असायचा. आता पहिलं कोणी जायचं यावरून रोज "तू जा, तू जा" चालतं आणि शेवटी तिघांनाही उशीर होतो.

आता मुद्द्याचं. खोल्यांचा कागद तुझ्या नावावर आहे आणि तो या महिनाअखेर संपतो. मालकीणबाई परवा येऊन गेल्या. स्वयंपाकघरातली काळी पडलेली भिंत बघून म्हणाल्या, "मी आचाऱ्यांना ओळखते. ते स्वतः येऊन सही करणार असतील तर पुढची तीन वर्षं राहा. नाहीतर एक तारखेला मला खोल्या रिकाम्या हव्यात, जावई यायचाय." मी म्हटलं, बाई, चौदा वर्षं आम्ही इथे आहोत, दोघांच्या बायका गेल्या, एकाने लग्नच केलं नाही, आम्ही म्हातारे कुठे जाणार? त्यांनी विचारलं, "आणि चौथा?" ड्रायव्हर आतून ओरडला, "चौथ्याला बायकोने हाकललंय, लिहून घ्या." बाईंना हसू आलं, पण कागद काही त्यांनी काढला नाही.

म्हणजे तू ये. एक दिवस ये, सही कर, मग वाटलं तर राहा. जुलैत जे झालं ते झालं. तू मुद्दाम केलं नाहीस हे सगळ्यांना माहीत आहे. गॅस कोणाकडूनही चालू राहतो. तू रेडिओ लावून भाजी चिरत होतास, लक्ष नसेल. शिंप्याने दाढीचं पाणी तापवायला काडी ओढली, भडका उडाला. कोणी तुला दोष देत नाही.

पाकिटावरचा पत्ता तीनदा ताडून बघितला आहे.

तुझा
धसक्या


१२ ऑक्टोबर, रविवार

प्रिय आचारी,

तुझं उत्तर नाही. टपालाला चार दिवस लागतात असं पोस्टातला माणूस म्हणाला. मी रोज विचारतो म्हणून तो आता मला बघितलं की आधीच मान हलवतो.

मागच्या पत्रात शिंप्याच्या हातांबद्दल लिहिलं ते पुरतं खरं नव्हतं. नवी कातडी आली आहे, पण आखडून आली आहे. उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना धरून वाकली आहेत आणि डाव्याचा अंगठा हलत नाही. डॉक्टरने धीर धरा म्हटलं ते खरं, पण शिंप्याने "सुई कधी धरता येईल?" असं विचारल्यावर म्हटलं. त्या प्रश्नाचं ते उत्तर होतं.

सकाळी मी त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावतो. तो मान वर करून छताकडे बघत उभा राहतो. परवा म्हणाला, "धसक्या, चाळीस वर्षं मी लोकांच्या गुंड्या लावल्या, पण माणूस आत नसताना." चहा त्याला मोठ्या पेल्यात अर्धाच द्यावा लागतो, दोन्ही तळव्यांत धरून पितो. तू असताना आठ दिवस तूच त्याला घास भरवत होतास. नवव्या दिवशी आम्ही पट्टी बदलायला दवाखान्यात गेलो आणि परत आलो तर तुझी खाट रिकामी होती. शिंपी त्या दिवशी जेवला नाही. हेही मी लिहिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट. ड्रायव्हर गुरुवारी तुझ्याकडे येऊन गेला. त्याला तुझी माफी मागायची होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर तो तुझ्यावर ओरडला होता ना, "दहा मिनिटं त्या गॅसात बसलास आणि तुला कळलं नाही? नाक गहाण टाकलंयस का?" ते त्याला खातंय. आणि तू उत्तर दिलंस, "मीच बंद केला नसेल रे, मला खरंच काही कळलं नाही." ते मला खातंय.

तुझ्या भाचीने दारातूनच सांगितलं, मामा बाहेर गेलेत. ड्रायव्हर म्हणतो, चपला उंबऱ्याशी होत्या, डाव्या अंगठ्याला शिंप्याने घातलेले टाके दिसत होते. जिन्यात थोडा वेळ थांबला आणि मग बस पकडून आला. घरी येऊन बूट काढताना एवढंच म्हणाला, "आत कांदा करपत होता. चांगला कोळसा झाल्याचा वास. आणि कोणी उठून बघत नव्हतं."

आचारी, तो कांदा कोण परतत होतं?

मला झोप नाही. तू ये, नाहीतर दोन ओळी तरी लिही. आज बारा तारीख आहे.

तुझा
धसक्या


१६ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय आचारी,

हे पत्र बसून वाच. घरात कोणी असेल तर त्याला जवळ बोलाव.

तुझं नाक गेलं आहे. तुला वास येत नाही. चवही जवळजवळ नाही. आजचं नाही, गेल्या वर्षी तुला तो पंधरा दिवसांचा ताप आला होता, तेव्हापासूनचं. आणि ते आम्हा तिघांना माहीत होतं.

आधी मिठावरून लक्षात आलं. ताप उतरल्यावर तू पहिल्यांदा बटाट्याचा रस्सा केलास. पहिला घास घेऊन ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, मी शिंप्याकडे बघितलं. समुद्र होता नुसता. तू विचारलंस, "कसा झालाय?" आम्हाला वाटलं, आजारातून उठलाय, चुकला असेल. तिघंही म्हणालो, "झकास." तिथेच पहिली चूक झाली.

मग शिंप्याने इस्त्री करताना माझ्या पँटला भोक पाडलं तो दिवस. आठवतं? तुला नाही आठवणार, तुझ्यासाठी त्या दिवशी काही घडलंच नाही. खोलीभर जळक्या कापडाचा वास, मी खोकत खिडकी उघडतोय, आणि तू दारात येऊन शांतपणे म्हणालास, "चहा कोण कोण घेणार?" शिंप्याच्या हातातली इस्त्री तशीच राहिली.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं फिरायला म्हणून बाहेर पडलो आणि बसथांब्याच्या बाकावर बसलो. तीन बसेस गेल्या. शिंपी म्हणाला, "सांगून टाकू." ड्रायव्हर म्हणाला, "कारखान्यात रोज तीनशे माणसांना जेवू घातलेल्याला त्याच्या जिभेचं सांगणार कोण? तू सांग. मी लांब उभा राहतो." मी म्हटलं, नको. म्हटलं, तो स्वयंपाक सोडेल, आणि एकदा सोडला की मग म्हणेल, मी इथे कशाला? आणि भाचीकडे निघून जाईल. आपलं घर मोडेल. शिंपी दोनदा म्हणाला, "हे बरोबर नाही." पण मी फार गयावया केली. माझा स्वभाव तुला माहीत आहे. शेवटी तो म्हणाला, "बरं बाबा, तुझा जीव टांगणीला नको."

मग आमची पाळी ठरली. तू भाजी उतरवून आंघोळीला गेलास की आत जायचं, चव बघायची, गरम पाणी घालायचं, बटाटा टाकायचा, जे लागेल ते. आधी पाळी नव्हती तेव्हा काय व्हायचं माहीत आहे? एकामागून एक तिघंही जायचे आणि एकमेकांना सांगायचे नाहीत. एकदा रस्सा इतका पातळ झाला की तू ताटाकडे बघत म्हणालास, "बटाटे पोहतायत की काय?" ड्रायव्हर म्हणाला, "व्यायाम चांगला असतो." तू हसलास. आम्ही जरा जास्तच हसलो.

हसण्यासारखं नव्हतं. कारण तुला संशय येत होता, आचारी. मी बघितलं आहे. तू चमचा तोंडात धरून कितीतरी वेळ शेगडीपाशी उभा राहायचास. एकदा मला सरळ विचारलंस, "धसक्या, खरं सांग, माझ्या हाताला काही झालंय का? मला हल्ली सगळं सारखंच लागतं." आणि मी म्हटलं, "तुझ्या हाताला काय व्हायचंय? आजारपणाने तोंड आलं असेल, जाईल." तुला तुझं खरं कळत होतं, आणि आम्ही तिघांनी मिळून ते पुसून टाकलं. तुझ्या जिभेपेक्षा तू आमच्यावर विश्वास ठेवलास.

म्हणून त्या सकाळी तुला गॅस कळला नाही. लक्ष नव्हतं म्हणून नाही. तू कितीही लक्ष दिलं असतंस तरी कळला नसता. आम्ही सांगितलं असतं तर तू नाकावर विसंबला नसतास.

शिंप्याला हे पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "लिही की माझा राग नाही. आणि लिही की ड्रायव्हरची अंडी मला आता बघवत नाहीत."

भाचीच्या घरी तू शेगडीपाशी जाऊ नकोस. मी पाया पडतो. पंधरा दिवस उरले.

तुझा
धसक्या


२१ ऑक्टोबर, मंगळवार

आचारी,

मागच्या पत्रात मी सगळीकडे आम्ही, आम्ही तिघं, असं लिहिलं. त्यात माझी सोय होती. शिंप्याला वाचून दाखवायचं होतं, म्हणून तेवढंच लिहिलं. हे पत्र मी पोस्टातल्या बाकावर बसून लिहितो आहे.

त्या बसथांब्यानंतर आठवड्याने मी एकटाच दवाखान्यात गेलो होतो. कंपाउंडरला विचारलं, आमच्या ओळखीतल्या एकाचं असं असं झालं आहे. तो गोळ्या मोजता मोजता थांबला आणि म्हणाला, "काका, चवीचं राहू द्या. घरात गॅस आहे का? मग आधी त्याला सांगा. आजच सांगा." मी घरी आलो. ड्रायव्हरने विचारलं, "काय म्हणाला?" मी सांगितलं, "म्हणाला, वयोमानाने होतं."

का? कारण कंपाउंडरचं म्हणणं सांगितलं असतं तर शिंप्याने त्याच दुपारी तुला सांगितलं असतं.

पण गॅसची धास्ती माझ्या मनात बसली ती बसलीच. मी ठरवलं, त्याचं नाक मी. नॉब मी बघत जाईन. तुला आठवतं, तू चिडवायचास, "हा धसक्या उठसूट स्वयंपाकघरात कशाला येतो? बरणीत चोरून खातो काय?" मी खात नव्हतो. तू दूध घ्यायला खाली गेलास की आत शिरायचो आणि दोन्ही नॉब हाताने दाबून, फिरवून बघायचो. बाहेर आलो की वाटायचं, नीट बघितलं का? मग परत जायचो. कधी पाचदा. त्या शेगडीच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या, बंद कुठे आणि चालू कुठे ते बोटांनाच माहीत होतं, आणि तीही तुझ्या बोटांना. मी आपला घट्ट लागेपर्यंत पिळायचो.

त्या सकाळी तू चहा केलास, आम्हाला दिलास, आणि दूध आणायला खाली गेलास. मी आत गेलो. हात लावला. बंद होता. मला आठवतं, बंद होता, आचारी. बाहेर आलो. दोन घोट चहा प्यालो. मग वाटलं, डावा बघितला, उजवा बघितला का? परत गेलो. इतक्यात तुझी पावलं जिन्यात वाजली. तुला दिसायला नको म्हणून घाईने उजवा दाबला, फिरवला आणि निघालो. तू आलास, पावसाची झड नको म्हणून दार ओढून घेतलंस, रेडिओ लावलास, टेबलाशी बसून भाजी चिरायला घेतलीस. मी पेपर आणायला खाली उतरलो. शिंप्याला सर्दी होती, चार दिवस त्याचं नाक चोंदलेलं होतं. तो आत गेला. तो आवाज मी खाली दुकानात ऐकला.

मी नॉब कुठल्या बाजूला फिरवला?

मला माहीत नाही. साडेतीन महिने मी तो नॉब फिरवतो आहे. जेवताना, केर काढताना, गुंड्या लावताना. कधी उजवीकडे जातो, कधी डावीकडे. पण एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवू शकत नाही. चौदा वर्षांत तू एकदाही शेगडी चालू ठेवून उठला नाहीस. तुझा हात न बघता नॉबवर जायचा, जसा माझा काट्याच्या दांडीवर जायचा. आणि त्या सकाळी तुझ्यानंतर त्या शेगडीला हात लावणारा मी एकटाच होतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ड्रायव्हर तुझ्यावर ओरडत होता तेव्हा मी तुझ्या शेजारी उभा होतो. तू म्हणालास, "मीच बंद केला नसेल." मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मग नर्स आली आणि मी पुन्हा मिटलं. तुझ्या भुवया जळाल्या होत्या आणि तू त्यांना हात लावून लावून बघत होतास.

आज घरी जाऊन हे शिंप्याला सांगणार आहे. तुला आधी सांगायला हवं होतं म्हणून आधी इथे लिहिलं.

धसक्या


३० ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय आचारी,

उद्या संध्याकाळपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. तू आला नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर आलो नसतो, पण वाट बघितली. काल गाडीच्या वेळेला थांब्यावर जाऊन आलो. परवाही गेलो होतो.

शिंप्याला मी त्याच दिवशी सांगितलं. तो खाटेवर बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, कंपाउंडरपासून नॉबपर्यंत. मला वाटलं ओरडेल. तो आपल्या हातांकडे बघत राहिला, जसं कोणाचं तरी काम दुरुस्तीला आलंय आणि कापड फार विरलंय. मग म्हणाला, "कंपाउंडर आजच सांगा म्हणाला होता?" मी हो म्हटलं. त्याने दुसरं काही विचारलं नाही. नॉबचं तर नाहीच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुंड्या लावायला गेलो. तो उठला, उघड्या सदऱ्याने माझ्यासमोरून चालत ड्रायव्हरकडे गेला आणि त्याच्यापुढे मान वर करून उभा राहिला. ड्रायव्हरला लावता येत नाहीत. त्याने वरची गुंडी खालच्या काजात घातली. शिंपी तसाच दिवसभर वावरला. चौदा वर्षांत मी त्याला असा बघितला नव्हता.

शनिवारी त्याचा मुलगा येऊन घेऊन गेला. जाताना शिंप्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर दोन्ही तळवे टेकवले. माझ्याकडे बघून म्हणाला, "येतो." एवढंच. पण म्हणाला. मी ते बरोबर घेऊन जाणार आहे.

ड्रायव्हर मंगळवारी बहिणीकडे गेला. दारात मला म्हणाला, "तू मूर्ख आहेस हे मला माहीत होतं रे. तू घाबरट आहेस हेही माहीत होतं. दोन्ही एका वेळेला आहेस हे माहीत नव्हतं." मग परत फिरून आला आणि उरलेली सहा अंडी मला देऊन गेला. ती उकडून खाल्ली. शेगडी लावायला मला अर्धा तास लागला.

आता खोल्यांत मी आहे आणि चार खाटा आहेत. मालकीणबाईंनी खाटा विकत घेतल्या नाहीत, जावयाला जुनं नको. मी उद्यापासून नदीपलीकडच्या म्हाताऱ्यांच्या घरात राहणार आहे, आठ जणांच्या खोलीत. जागा बघून आलो. तिथे स्वयंपाकघराला कुलूप असतं, आत कोणाला जाऊ देत नाहीत. बरं वाटलं मला ते बघून.

घराचं हे असं झालं. ते आता माझ्या हातात नाही आणि तुझ्याही नाही. मी त्यासाठी लिहीत नाही.

काल वाण्याच्या दुकानातून तुझ्या भाचीला फोन केला. तू माझी पत्रं वाचतोस की नाही, काहीच कळत नव्हतं. मी म्हटलं, बाई, मामांना वास येत नाही, त्यांना गॅसपाशी एकटं सोडू नका, पोरं आहेत घरात. ती म्हणाली, "काका, तुम्ही लोकांनी त्यांचं काय करून पाठवलंय ते मी बघतेय. माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो. आता कुठे महिना झाला, मी मिनतवारी केली म्हणून स्वयंपाकाला हात लावायला लागलेत, जरा जिवात जीव आला. तर आता तुम्ही म्हणता नाक नाही. आधी म्हणालात आग लावली. उद्या म्हणाल डोकं नाही. आणखी काय काय घालायचंय त्यांच्यावर?" मी म्हटलं, नाही बाई, चूक माझी होती. ती म्हणाली, "मग फोन कशाला करता?" आणि ठेवला. परत लावला तर उचलला नाही. वाण्यासमोर मी दोनदा, तीनदा लावला. तो म्हणाला, "काका, गिऱ्हाईक थांबलंय."

तिचं काय चुकलं? आम्ही वर्षभर तुला खोटं सांगितलं ते सगळं तुला गोड लागलं, आणि आता खरं सांगतोय तर ते आणखी एक आळ घेतल्यासारखं वाटतं. पत्रं तिने ठेवून घेतली असतील. मी तिच्या जागी असतो तर मीही तुझ्या हातात दिली नसती.

म्हणून हे पाकीट मी तिच्या पत्त्यावर टाकत नाही. ड्रायव्हरने जिन्याखाली एक चांभार बसतो असं सांगितलं होतं. त्याच्या नावाने पाठवतो आहे, वर लिहिलं आहे की टाके घातलेल्या चपलेच्या म्हाताऱ्याला हातात द्या. मिळालं तर मिळालं.

मिळालं असेल तर एवढं कर. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मी तो मागत नाही. एका वाटीत पाणी घे, एकीत रॉकेल घे. डोळे मीट आणि कोणाला तरी वाट्या इकडच्या तिकडे करायला सांग. मग नाकाशी धरून सांग कुठली कुठली ते. दहा वेळा कर. दहाही वेळा बरोबर आलं तर मी खोटारडा, हे पत्र फाड आणि खुशाल स्वयंपाक कर. नाही आलं तर भाचीला स्वतः सांग. तुझं ती ऐकेल. शेगडी तिने लावायची, तिने बंद करायची, तू नुसतं सांगायचं कांदा किती परतायचा ते. तुला रंगावरून कळतं, मला माहीत आहे. चवीला पोरांना बसव. पोरं खोटं बोलत नाहीत.

सही गेली, घर गेलं, शिंप्याचे हात गेले. तू आणि ती पोरं मात्र अजून धडधाकट असाल, आणि मी इथे बसून रोज सकाळी चहाच्या वेळेला तुमच्या स्वयंपाकघराचं दार बंद होताना ऐकतो. माझ्याच्याने ते आता सोसत नाही.

मला माफ कर असं लिहीत नाही. मला काही लिहूही नकोस. एक कोरं कार्ड टाक, वर फक्त माझा नवा पत्ता घाल, तो पाकिटाच्या मागे दिला आहे. कोरं आलं की मी समजेन की हे तुझ्या हातात पडलं आणि तू वाट्या हुंगून बघितल्यास. म्हाताऱ्यांच्या घराच्या फाटकावरच्या माणसाला मी आजच सांगून आलो आहे की माझं कार्ड येणार आहे, काही लिहिलेलं नसलं तरी फेकू नका. तो म्हणाला, "कोऱ्या कार्डाची कोण वाट बघतो, आजोबा?"

लवकर टाक, आचारी. जमलं तर हे वाचल्या दिवशीच टाक.

तुझा
धसक्या